शालूचे पाय

श्रावण लागला की शालू तावडेचा फोन थांबायचा नाही. कुणाच्या सुनेची पहिली मंगळागौर, कुठल्या सोसायटीतल्या बायकांचा कार्यक्रम, नाहीतर घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमधल्या क्लब हाऊसचं बोलावणं. डोंबिवलीत मंगळागौर खेळणारे ग्रुप आता पुष्कळ झालेत, पण शालूच्या ग्रुपला एकदा बोलावलेली बाई दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाला बोलवत नसे. ग्रुप म्हणजे तरी काय, आयरे रोडच्या आसपास राहणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बायका. कुणाचं पोळीभाजी केंद्र, कुणी शाळेत क्लार्क, कुणी नुसतीच घरात बसून कावलेली. नऊवारी नेसून त्यांनी फेर धरला की मध्ये शालू. बुटकी, अंगाने चांगली भरलेली. पण एकदा घुमायला लागली की हिचे पाय जमिनीला टेकतात तरी केव्हा, असा प्रश्न बघणाऱ्याला पडायचा.

फुगडीतली तिची जोडीदार तिची थोरली बहीण, कांता साळवी. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. कांताने लग्न केलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि तिथूनच रिटायर झाली. शालूचा नवरा अचानक हार्ट अटॅकने गेला तेव्हा कांता दोन पिशव्या घेऊन आठ दिवसांसाठी म्हणून शालूकडे राहायला आली, ती परत गेलीच नाही. शालूची मुलगी कृतिका तेव्हा शाळेत होती. आई आणि मावशी अशा दोघींच्या हाताखाली ती वाढली, इंजिनीअर झाली, घोडबंदर रोडला एका आयटी कंपनीत लागली. घरात तिघी. आवाज मात्र एकट्या शालूचा. सकाळी दूधवाल्याशी बोलायला लागली की तिसऱ्या मजल्यावरचे लोक उठायचे.

कांताला चारचौघांत मिसळायचा कंटाळा. पण फुगडीला उभी राहिली की तिचं काहीतरी व्हायचं. लहानपणी संगमेश्वरजवळच्या त्यांच्या गावी, शेणाने सारवलेल्या अंगणात दोघी बहिणी घुमायच्या. हात तेव्हाचेच. शालूचे आखूड, घामट तळवे हातात आले की कांताला बाकी काही दिसायचं नाही. गरगरणाऱ्या जगात एक शालूचं तोंड तेवढं स्थिर.

गणपती चार दिवसांवर आले होते. पोटमाळ्यावरची मोठी पितळी परात काढायला शालू ओट्यावर चढली. कांता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "थांब गं, मी येते," असं ती म्हणाली आणि "तू येईस्तोवर गणपती विसर्जनाला जातील," असं शालूने आतून उत्तर दिलं. मग परातीचा दणदणाट झाला आणि त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज, जड, दबका. कांता धावली. शालू ओट्यावरून उलटी घसरली होती. खाली घरघंटी होती, तिच्या कोपऱ्यावर पाठ आपटून ती फरशीवर पडली होती. डावा पाय अंगाखाली मुडपलेला. रक्त नाही, काही नाही. डोळे उघडे.

"ताई," ती म्हणाली, "माझे पाय कुठायत?"

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसवले. डॉक्टर प्रियांका वाघचौरे मणक्याच्या पेशंटचं पुढचं बघायच्या. त्यांनी कांताला आणि कृतिकाला समोर बसवून शांतपणे सांगितलं. हाड आम्ही जोडलंय. आतला मज्जारज्जू मात्र चिरडला गेलाय, तो जोडता येत नाही. बेंबीच्या खाली त्यांना काही जाणवणार नाही, काही हलणार नाही. लघवी-संडासचंही आपल्यालाच बघावं लागेल. कृतिका रडली. कांता रडली नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाली, जसं काही कंपनीतल्या सुपरवायझरने ओव्हरटाइम सांगितला होता.

शालूला कळायला वेळ लागला. कारण तिला पाय जाणवत होते.

"ताई, डावा पाय मुडपलाय गं माझा. अंगाखाली आलाय. सरळ कर ना."

कांताने चादर उचलून बघितली. दोन्ही पाय सरळ, शेजारी शेजारी, एखाद्या दुकानात ठेवल्यासारखे. "सरळच आहेत शालू."

"नाहीयेत. मला कळतंय ना, माझा पाय आहे."

आधी आधी कांता समजावत बसायची. मग तिने समजावणं सोडलं. शालू म्हणाली की चादर बाजूला करायची, तो थंड, जड पाय गुडघ्यात वाकवायचा आणि हळूहळू परत सरळ करायचा, शालूला दिसेल असा. "झाला?" शालू बघत राहायची. नजर पायावर असेपर्यंत तिला पटायचं. डोळे मिटले की पाय पुन्हा अंगाखाली. पडताना तो जसा होता तसाच तो तिच्या डोक्यात राहून गेला होता.

घरी आणल्यावर कांताचं सगळं आयुष्य एका पलंगाभोवती आलं. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं, पाठीवर लाल डाग पडलाय का बघायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, अंग पुसायचं. हितेश नावाचा फिजिओथेरपिस्ट यायचा. त्याचं एकच म्हणणं, "काकू, आधी हात मजबूत करू. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत स्वतःचं स्वतः जाता आलं पाहिजे. एवढं जमलं ना, की अर्धं घर तुमचं." शालू भिंतीकडे तोंड करून पडायची. तिचा आवाजच गेला होता. ग्रुपच्या बायका यायच्या, खोबऱ्याच्या वड्या आणायच्या, पाच मिनिटांत बोलायचं संपायचं. दूधवाल्याशी आता कांता बोलायची, म्हणजे नुसतं पातेलं पुढे करायची.

असे पाच महिने गेले. संक्रांतीनंतरची गोष्ट. कांता शालूचं अंग पुसत होती. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं छातीखालून पोटावर आणलं, बेंबीच्या जरा वर, डावीकडे. आणि शालू ओरडली.

"ताई! अंगठा!"

"काय झालं?"

"पायाचा अंगठा! डाव्या पायाचा! आत्ता तू हात लावलास अंगठ्याला!"

"मी पोट पुसत्येय गं."

"पुन्हा पूस. तिथेच."

कांताने पुसलं. शालूने डोळे घट्ट मिटले होते. "अंगठा," ती कुजबुजली. कांताने फडकं टाकलं आणि नुसतं बोट ठेवलं. अंगठा. बोट जरा बाजूला सरकवलं. "आता बोटं. धाकटी बोटं." अजून बरगडीकडे. "टाच. ताई, टाच!" उजवीकडे उजवा पाय. त्या दिवशी पाणी गार होऊन गेलं तरी दोघी पोटावर पाय शोधत बसल्या होत्या. पोटाला हात लावल्यावर अंगठा कसा जाणवेल, असा विचार दोघींपैकी एकीच्याही मनात आला नाही असं नाही. पण शालूने त्याचंही उत्तर काढलं. वरून खालचा रस्ता बंद पडला होता ना, तो उघडायला लागलाय. आधी पोटापासून पायापर्यंत निरोप जातोय, मग पुढे पायातून वर येईल. तारा जुळतायत. कांताला ते पटलं. तिला ते पटवूनच घ्यायचं होतं.

तिने खाली जाऊन पेढे आणले. ग्रुपच्या बायका आल्या, एकेकीने पोटाला बोट लावून बघितलं आणि शालूने डोळे मिटून "अंगठा," "टाच," "तळवा," असं सांगितलं, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "या श्रावणात नाही, पण पुढच्या श्रावणात नऊवारी नेसून उभी राहणार," असं तिने जाहीर केलं. कृतिका ऑफिसातून आली तेव्हा घरात लग्नघरासारखा गोंगाट होता. आईने तिलाही करायला लावलं. कृतिकाने आईच्या पोटावर बोट ठेवलं, आई "अंगठा" म्हणाली, कृतिका हसली, मग फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळाने आत आली.

"कुणाला केलेलास फोन?" शालूने विचारलं.

"डॉक्टर वाघचौरेंना."

"काय म्हणाल्या?"

कृतिकाने आईकडे बघितलं, मग पेढ्याच्या बॉक्सकडे. "चांगलंय म्हणाल्या. बघू या, म्हणाल्या."

त्या दिवसापासून शालूचा आवाज परत आला. दूधवाल्याला तिने पलंगावरूनच झापलं. रोज दुपारी जेवणं झाली की कांता तिच्या पोटावर तेल लावून बोटं फिरवायची, रस्ता मोकळा व्हावा म्हणून. हितेशला शालूने सांगून टाकलं, "मला खुर्चीचं काही शिकवू नकोस. मला उभं कर." हितेशने कांताला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, रिपोर्टमध्ये काही बदल आहे का? मला पायात काहीच मिळत नाहीये." शालूने ते ऐकलं आणि ती भांडली. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाली. कृतिका तिथेच होती. ती काही बोलली नाही. हितेश यायचा बंद झाला. पण हट्टाने मागवलेला वॉकर घरात होता, तो शालूने पलंगाला लावून ठेवायला सांगितला, डोळ्यांसमोर.

फाल्गुनातल्या एका सकाळी कांता भाजी आणायला खाली उतरली. शालूला पाठीशी उशा लावून बसवलेलं होतं. पुढचं जे झालं ते शालूनेच नंतर सांगितलं. हातांनी एकेक पाय उचलून तिने पलंगाखाली सोडले. आणि तिला तळव्यांना फरशी लागली. गार फरशी. "ताई, शप्पथ सांगते, लागली. फटीतल्या सिमेंटचा खरखरीतपणासुद्धा लागला." मग तिने वॉकर धरला, दोन्ही हातांवर सगळा भार दिला आणि अंग वर उचललं.

कांता मेथीची जुडी घेऊन दारात आली तेव्हा शालू जमिनीवर पडली होती आणि हसत होती. "उभी राहिले होते ताई मी! क्षणभर. पण राहिले होते."

कांताने शेजाऱ्यांना बोलावून तिला पलंगावर घेतलं. कुठे दुखतंय का विचारलं. कुठेच दुखत नव्हतं. दुखणार कसं. दुसऱ्या दिवशी अंग पुसताना कांताच्या हाताला उजवी मांडी गरम लागली. दुप्पट सुजलेली, कातडी ताणून चकाकत होती. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि त्या मोडक्या हाडासकट शालू रात्री श्रावणाच्या गप्पा मारून झोपली होती.

पुन्हा ठाणे, पुन्हा तेच हॉस्पिटल. शालूला वॉर्डात ठेवल्यावर डॉक्टर वाघचौरेंनी दोघींना खोलीत बोलावलं.

"उभं राहायचा प्रयत्न का केला त्यांनी?"

"तिला पाय जाणवायला लागलेत ना," कांता म्हणाली. "फरशी लागली म्हणे तळव्याला. पोटाला हात लावला की..."

"अंगठा जाणवतो. माहीत आहे मला." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साळवीबाई, नीट ऐका. आपल्या मेंदूत शरीराच्या प्रत्येक भागासाठी पेशींची एक जागा ठरलेली असते. हाताची जागा, तोंडाची, पोटाची, पायाची. पायाच्या जागेशेजारीच पोट-कमरेची जागा आहे. तुमच्या बहिणीच्या मज्जारज्जूला मार लागला आणि पायाकडून येणारे निरोप थांबले. मेंदूतल्या पायाच्या पेशींना काही काम उरलं नाही. काही पेशी आकसतात. पण बऱ्याच नुसत्या बसून राहत नाहीत. शेजारच्या पोटाच्या पेशींचे धागे हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचतात, बंद असलेल्या वाटा उघडतात. मग पोटाला हात लागला की त्या पेशी जाग्या होतात. आणि त्यांनी जन्मभर एकच ओळखलेलं असतं, पाय. म्हणून त्या 'पाय' म्हणतात."

"म्हणजे तिला जाणवत नाही? ती खोटं..."

"नाही हो. तिला अगदी खरंच जाणवतं. फरशीसुद्धा तिला खरीच लागली असेल, डोळ्यांनी दिसत होती, पाय खाली सोडलेले होते, बाकीचं मेंदूने भरून काढलं. पण हा सगळा बदल वर, डोक्यात झालेला आहे. खाली काही जुळलेलं नाही. जुळणार नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे मी तेव्हाच सांगितलं होतं. फोनवर. याला सुधारणा समजू नका, आणि त्यांना एकट्याने उभं राहू देऊ नका, असंही म्हणाले होते."

"कुणाला सांगितलंत?" कांताने विचारलं. आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं, कारण शेजारच्या खुर्चीवर कृतिकाने तोंड ओंजळीत घेतलं होतं.

कॅन्टीनमध्ये दोघींच्या पुढ्यात चहा आला. कृतिकाला बोलता येत नव्हतं, तरी ती बोलत होती. "मावशी, ती हसत होती गं. किती महिन्यांनी हसत होती. तू पेढे आणलेले. सगळ्या बायका बसलेल्या. मी आत येऊन काय सांगणार होते? मला वाटलं उद्या सांगू. मग वाटलं रविवारी सांगू. मग ती परत गाणी म्हणायला लागली. मला वाटलं, राहू दे ना, कुणाचं काय बिघडतंय."

कांता चहाकडे बघत राहिली. तिच्या मनात येत होतं की या पोरीला जवळ घ्यावं. हीच पोर बापाच्या वेळी तिच्या कुशीत शिरून झोपायची. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"खुर्चीत बसायला तरी शिकू द्यायचंस तिला."

कृतिकाने मान वर केली नाही.

शालूला सांगायचं काम कांताने स्वतःकडे घेतलं. वॉर्डात पंखा घरघरत होता, शेजारच्या पलंगावरच्या बाईला तिची सून पेज भरवत होती. कांताने डॉक्टरांनी सांगितलं तसंच सांगितलं, जमेल तेवढं. शालूने मध्ये एकदाही तोडलं नाही. जन्मात पहिल्यांदाच तोडलं नसेल.

"म्हणजे मेंदूला अजून वाटतंय की मला पाय आहेत."

"हो."

"येडंच म्हणायचं बिचारं." ती हसल्यासारखी झाली आणि मग तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "कधी सांगितलं डॉक्टरनी तुला?"

"आज."

"कृतिकाला माहितीय?"

"तिलाही आजच कळलं." कांताने शालूच्या कपाळावरचे केस मागे सारले. आयुष्यात ती शालूशी खोटं बोलली असेल तर ते एवढंच.

घरी आल्यावर शालूने वॉकर उचलून न्यायला सांगितला. पोटाला हात लावू देईना. अंग पुसतानासुद्धा छातीखाली फडकं आलं की म्हणायची, "तिथे नको. मी पुसते." ग्रुपच्या बायकांना तिने निरोप पाठवला, भेटायला येऊ नका. श्रावण आला, फोन वाजत राहिले, शेवटी कांताने तो फोन बंद करून कपाटात ठेवला. त्यात पायांची आग सुरू झाली. "ताई, पाय भाजतायत गं. कुणीतरी निखाऱ्यावर धरलेत." हात लावून बघावं तर पाय बर्फासारखे. डॉक्टर म्हणाल्या, हीसुद्धा त्याच पेशींची करणी, त्यांच्यात जी उलथापालथ झालीय तिचंच हे दुखणं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आग थोडी कमी व्हायची आणि शालू दिवसभर ग्लानीत पडायची, बोलताना शब्द हरवायचे. चहाला काय म्हणतात ते तिला आठवत नसे, नुसता हात पुढे करायची.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी ती नीट जागी होती. कांता पलंगाशेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"ताई, हात ठेव ना."

"कुठे?"

"अंगठ्यावर."

कांताचे हात थांबले. "शालू, ते खरं नाही गं."

"माहितीय मला. डॉक्टरपेक्षा जास्त माहितीय. असू दे. मी दुसरे पाय कुठून आणू?"

कांताने हात धुतले, पुसले, आणि बेंबीच्या वर डावीकडे बोट ठेवलं. शालूने डोळे मिटले. तिचा चेहरा इतका शांत झाला की कांताला बघवेना. त्यानंतर ती रोजचीच गोष्ट झाली. दुपारी घर निवांत असायचं, शालू सांगायची, "आता टाच," "आता तळवा, हळू," आणि कांता त्या पोटावरच्या पायांना कुरवाळायची. एकदा शालू म्हणाली, "ताल धर ना, फुगडीचा." कांताने दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलकेच ठेका धरला. जरा वेळ शालूचे ओठ हलत होते. श्वास वाढला होता, खरोखर घुमल्यासारखा. मग एकदम तिने कांताचं मनगट पकडलं. "पुरे. पुरे ताई." आणि कांताच्या हातावर तोंड दाबून ती जी रडली, तसं ती नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

तेही फार दिवस टिकलं नाही. हळूहळू पोटाला बोट लागलं की अंगठा जाणवण्याऐवजी अंगठा भाजायला लागला. शालू दोन-तीन दिवस दात आवळून सहन करत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "आता नको लावूस हात. तेही संपलं."

मांडीचं हाड नीट बसायला वेळ लागला, त्यामुळे खुर्ची लांबली, पडून राहणं वाढलं. कांता कितीही कुशी बदलत राहिली तरी माकडहाडाशी जखम झालीच. ती आत खोल गेली. त्यातून ताप आला. डिसेंबरात शालूला पुन्हा ठाण्याला न्यावं लागलं. या वेळी आयसीयूत.

बाहेरच्या बाकावर कृतिका आणि कांता बसून राहायच्या. मधल्या महिन्यांत दोघी एका घरात राहत होत्या, जेवायला वाढत होत्या, औषधांचं बोलत होत्या. बाकी काही बोलत नव्हत्या. एके दिवशी भेटायची वेळ झाली तेव्हा कृतिका उठली.

"मावशी, मी आज आईला सांगणार आहे."

"काय?"

"फोनचं. मला माहीत होतं ते. ती शुद्धीवर आहे आत्ता."

कांता दारात आडवी उभी राहिली. "काही गरज नाही."

"मला सहन होत नाहीये गं."

"तुला सहन होत नाही म्हणून तिच्यावर टाकणार? तिच्यात काय उरलंय? जा, हात धर तिचा, बाळा वगैरे म्हणू दे तिला, आणि ये बाहेर."

कृतिका आत गेली आणि तोंड पुसत बाहेर आली. तिने सांगितलं नव्हतं. त्यानंतर शालू बोलण्याच्या स्थितीत आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दिवस वगैरे सगळं झालं. ग्रुपच्या बायका आल्या, रडल्या, एकेक करून निघून गेल्या. भाड्याने आणलेला पलंग परत गेला. घरात एकदम जागा झाली, इतकी की कांता चालताना पलंगाच्या जागेला वळसा घालून जायची.

कृतिका कपडे भरत होती. ऑफिसच्या जवळ, घोडबंदर रोडलाच, मैत्रिणीबरोबर घर घेतलं होतं भाड्याने. रोजचा ट्रॅफिक झेपत नाही, हे कारण तिने दिलं आणि कांताने मानलं. बॅगेची चेन लावता लावता ती थांबली.

"मावशी, एक बोलू? मला सांगू द्यायला हवं होतंस तू."

कांता बॅगेचं तोंड दाबून धरून उभी होती.

"ती ओरडली असती. शिव्या दिल्या असत्या. पण मग म्हणाली असती, जाऊ दे. तिला राग धरता यायचाच नाही, तुला माहितीय. तिने मला माफ केलं असतं गं. आता मला कोण करणार?"

कांताला तेव्हा कळलं की पोर खरं बोलतेय. शालू नक्की म्हणाली असती, जाऊ दे. कदाचित हसलीही असती. बहिणीला ओझं नको म्हणून कांता दारात आडवी उभी राहिली, आणि जगात ज्या एका माणसाला माफ करता येत होतं, त्याच्यापर्यंत तिने कृतिकाला पोचू दिलं नाही. मी केलंय तुला माफ, असं म्हणावं म्हणून कांताने तोंड उघडलं. पण ते खरं आहे का, हे तिचं तिलाच कळेना, आणि या घरात आता आणखी एक खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती.

"रविवारी येत जा जेवायला," ती म्हणाली.

कृतिका येते. दर रविवारी नाही, पण येते. येताना खाऱ्या बिस्किटांचा पुडा आणते, मावशीला आवडतात म्हणून. कांता तिसळ्यांचं कालवण करते, भात टाकते. ऑफिसचं, बिल्डिंगचं, पाणी कधी गेलं याचं बोलणं होतं. शालूचं नाव निघालं की दोघींपैकी एकजण ताट घेऊन उठते. मग मोरीतल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहतो.